गेम ऐकतो, बघत नाही: रॉकस्मिथ आणि टॅब वापरून गिटार शिकताना

यूबीसॉफ्टचा रॉकस्मिथ हा गिटार शिकवणारा गेम २०११ साली आला तेव्हा त्याचं वेगळेपण एकाच गोष्टीत होतं. हातात बटणांचं प्लास्टिकचं खेळणं नव्हतं, खरी सहा तारांची गिटार होती. २०१३ मध्ये ‘रॉकस्मिथ २०१४’ ही सुधारलेली आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये वर्गणीवर चालणारा रॉकस्मिथ प्लस. २०१४ च्या आवृत्तीची स्टीम या ऑनलाइन दुकानावरची विक्री आता थांबली आहे, पण ज्यांनी आधी घेतली त्यांच्याकडे ती चालते. पुढच्या सूचना मुख्यतः तिला धरून आहेत, तरी बऱ्याचशा प्लसलाही लागू पडतात.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा गेम ऐकतो, बघत नाही. केबलमधून त्याला दोनच गोष्टी कळतात: कोणता सूर वाजला आणि कधी वाजला. तो सूर कोणत्या बोटाने दाबला, पिक (तार छेडायची चकती) खाली गेला की वर, अंगठा गिटारच्या मानेमागे आखडलाय का, यातलं त्याला काहीही कळत नाही. म्हणून चुकीच्या बोटांनीही ‘बरोबर’ असा शेरा मिळत राहतो आणि सवय हाडीमाशी खिळते. टॅब, म्हणजे ओळी आणि आकड्यांत लिहिलेलं गिटारचं वादन, याचं नेमकं उलट आहे. कोणत्या तारेवर कोणता फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेला खण) हे तो कागदावर स्थिर धरून दाखवतो आणि विचार करायला हवा तेवढा वेळ देतो, पण तुम्ही काय वाजवलंत हे त्याला ऐकू येत नाही. तेव्हा बोटं टॅबवर बसवायची आणि लय गेममध्ये तपासायची. या वाटणीत गोंधळ झाला की महिनोन्‌महिने वाया जातात.

जोडणी

गिटारला पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, हवा. इलेक्ट्रिक सगळ्यात सोयीची. अकूस्टिक असेल तर आतला पिकअप किंवा साउंडहोलवर बसवायचा पिकअप चालतो. रॉकस्मिथची केबल एका टोकाला साधी गिटारची पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी असते, आणि कॉम्प्युटरला ती मायक्रोफोन म्हणून दिसते. रॉकस्मिथ प्लसमध्ये केबलऐवजी फोनचा माइकही वापरता येतो. खोलीत पंखा जोरात असेल किंवा बाहेर रहदारी असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

विंडोजवर केबल लावूनही गेमला काहीच ऐकू येत नसेल तर आधी दोन जागा बघा. एक, प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे का. दुसरी, साउंड सेटिंगमध्ये त्या केबलचा दर ४८००० हर्ट्झ आहे का. जुना गेम दुसऱ्या दरावर अडून बसतो.

मग येतो विलंब. तार छेडल्यावर स्पीकरमधून आवाज उशिरा येत असेल तर वाजवणारा नकळत घाईने वाजवायला लागतो, आणि ही घाई नंतर गेमशिवायही जात नाही. म्हणून सरावाला बसण्याआधी हे नीट करा. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. टीव्हीला एचडीएमआयने जोडलं असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, आणि आवाज शक्य असल्यास टीव्हीतून न घेता कॉम्प्युटरला वायरचा हेडफोन लावून ऐका. एवढ्याने भागलं नाही तर गेमच्या फोल्डरमधली रॉकस्मिथ डॉट आयएनआय ही फाइल उघडा. तिच्यात ‘लेटन्सीबफर’ नावाची ओळ आहे. तिथला आकडा एकने कमी करा, गेम चालवून बघा, पुन्हा एकने कमी करा. आवाज तडतडायला लागला की एक पायरी वर या. तुमच्या मशिनसाठी तोच आकडा.

सतत ‘हम्‌’ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये बसवलेला असला की हे हमखास होतं. तारांना हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं मात्र नेहमीचंच, त्याने घाबरू नका.

गेम सुरुवातीला गिटारची पातळी मोजतो. तेव्हा गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा आणि एरवी वाजवता तेवढ्याच जोराने वाजवा. इथे चूक झाली की हळू वाजवलेले सूर पुढे कायम हुकतात आणि दोष हाताचा वाटतो.

सुरात असूनही चुकलेलं

सूर लावताना नेहमी खालून वर या. तार चढली असेल तर सैल करून पुन्हा वर आणा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा दोन गाण्यांत तार उतरवतो. हे केल्यावरही मोकळ्या तारा बरोबर, पण बाराव्या फ्रेटकडे गेलं की गेम सूर मोजत नाही, असं झालं तर इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर मानेवर सगळीकडे बरोबर लागतात का, ते तपासा. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून घंटीसारखा सूर काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, नटपासून, दूर न्यायचं. उतरा असेल तर पुढे.

नवशिक्यांच्या बाबतीत याहून साधं कारण जास्त वेळा सापडतं: ते फार जोरात दाबतात. ९-४२ जाडीच्या बारीक तारांवर जास्त दाब दिला की सूर वर सरकतो. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या लगेच मागे ठेवा, मग निम्म्या जोरात स्वच्छ आवाज येतो. किती जोर पुरतो ते शोधायचं असेल तर तारेवर बोट नुसतं ठेवून छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. थप्प आवाज संपून सूर उमटला तो दाब लक्षात ठेवा. त्याच्यापुढचा सगळा जोर फुकट. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाच. दमट हवेत गंजलेली तार इंटोनेशनही बिघडवते.

पडदा आणि कागद

टॅबमध्ये सहा आडव्या ओळी म्हणजे सहा तारा. सगळ्यात वरची ओळ बारीक तारेची, सगळ्यात खालची जाड. ओळीवरचा आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार. एकाखाली एक आकडे आले की एकदम वाजवायचे. रॉकस्मिथच्या पडद्यावर तारांना रंग आहेत: जाड ई लाल, ए पिवळी, डी निळी, जी नारिंगी, बी हिरवी आणि बारीक ई जांभळी.

इथे अनेकांचा घोळ होतो. मांडीवरच्या गिटारकडे वरून पाहिलं की जाड तार डोळ्यांच्या जवळ असते, टॅबमध्ये मात्र ती तळाला असते. पडद्यावर लाल पट्टी वर आहे की खाली ते बघा, आणि सेटिंगमध्ये तारा उलट करण्याचा पर्याय वापरून ती टॅबसारखी खाली आणा. दोन्हींची मांडणी एकच असली तरच एकातलं शिकलेलं दुसऱ्यात उपयोगी पडतं. एकदा ठरवलं की पुन्हा बदलू नका. हा वाद जुनाच आहे म्हणा, सोळाव्या शतकातल्या इटालियन ल्यूट या तंतुवाद्याच्या टॅबमध्ये वरची ओळ जाड तारेची असे.

साध्या टॅबमध्ये लय नसते ही त्याची मोठी उणीव. आकड्यांमधलं अंतर हा फक्त अंदाज. म्हणून मात्रा दाखवणारा टॅब वापरा. त्यासाठी टक्सगिटार हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. गिटार प्रो या टॅबच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फाइल्स त्यात उघडतात, ठराविक भाग फिरवत ठेवता येतो आणि प्रत्येक फेरीला वेग आपोआप वाढवता येतो.

एक रिफ, अगदी जवळून

रिफ म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा. हा सरावासाठी रचलेला आहे. एक आवर्तन चार मात्रांचं, मात्रेला दोन सूर:

ई  |-----------------|
बी |-----------------|
जी |---------५-------|
डी |-----५-७---७-५---|
ए  |-५-७-----------७-|
ई  |-----------------|

पाचव्या फ्रेटला तर्जनी, सातव्याला अनामिका. करंगळी आणि मधलं बोट तारांच्या वरच, पसरून हवेत न उडता. पिक एकदा खाली, एकदा वर, न चुकता. आता नीट पाहिलंत तर यात एक सोय दडलेली आहे: पाचव्या फ्रेटचा प्रत्येक सूर खाली जाताना येतो आणि सातव्याचा प्रत्येक सूर वर येताना. म्हणजे पाचवर पिक वर जाताना सापडला की आधी कुठेतरी घसरलात हे तिथल्या तिथे कळतं. गेम हे कधीच सांगणार नाही. सूर आणि वेळ बरोबर असल्याने तो खूश असेल.

अवघड जागा दोन. पहिली, ए तारेच्या सातवरून डीच्या पाचवर जाताना. अनामिका आधी उचललीत तर मध्ये खड्डा पडतो, उशिरा उचललीत तर दोन सूर एकमेकांत मिसळतात. डी वाजण्याच्या क्षणालाच अनामिकेचा दाब जायला हवा, आणि बोट तारेवरून पूर्ण न उचलता नुसतं सैल करायचं म्हणजे ए तार मुकी राहते. दुसरी, परतीला डीच्या सातवरून पाचवर येताना. तर्जनी जीवरून डीवर आधीच येऊन बसलेली असेल तर अनामिका उचलताच पाच तयार असतो. नसेल तर ती ऐनवेळी धावते आणि लय पुढे ढकलली जाते.

मेट्रोनोम, म्हणजे ठोका देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर. ठाय लयीत पेटी-तबल्याची मंडळी जशी प्रत्येक मात्रा भरतात तसं प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत पूर्ण टिकवा. लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ झाल्या की वेग ४ ने वाढवा, एक चुकली की ४ ने उतरा. १०० ला स्वच्छ वाजला की तो बसला. पहिल्याच दिवशी तिथे पोहोचण्याची घाई करू नका.

आता गेममध्ये

इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना. गेम आपणहून काठिण्य बदलतो: आधी मोजकेच सूर देतो आणि तुम्ही बरोबर वाजवत गेलात की भर घालतो. नव्या माणसाला हुरूप येतो, पण नुकसानही होतं. वरच्याच रिफचं उदाहरण घ्या. सुरुवातीला फक्त ए-५ आणि जी-५ आले तर दोन्ही तुम्ही कोणत्याही बोटाने, खालच्या आघाताने वाजवाल. हळूहळू मधले सूर भरले की बोटं आणि पिक दोन्ही बदलावे लागतात, म्हणजे एकच गोष्ट तीन वेळा शिकून दोनदा विसरायची. म्हणून गाण्याचा भाग निवडून रिफ रिपीटरमध्ये जा, काठिण्य थेट १०० टक्क्यांवर न्या आणि वेग कमी करा. सगळे सूर, पण सावकाश. वेग आपोआप वाढण्याची सोय तिथे आहे, ती चालू ठेवा आणि चुका सहन करण्याची मर्यादा कमी करा.

एका बैठकीत दोन ते चार आवर्तनांपेक्षा मोठा भाग घेऊ नका. भाग निवडताना पुढच्या भागाचा पहिला सूर त्यात घ्या. नाहीतर तुकडे सुटे येतात आणि सांध्यावर अडखळायला होतं.

गुणांवर फार भिस्त ठेवू नका. वेळेच्या बाबतीत गेम उदार आहे, किंचित आधी-मागे वाजलेला सूरही तो मोजतो. शेजारची तार चुकून वाजली तरी बहुतेकदा दुर्लक्ष करतो. कॉर्डमधली (एकदम वाजवायच्या सुरांमधली) एक तार दबून मुकी झाली तरी पूर्ण कॉर्ड बरोबर धरली जाऊ शकते. त्यासाठी कॉर्ड वाजवण्याआधी जाडीकडून बारीककडे एकेक तार सुटी छेडून ऐका. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद ठेवा, ते अशा चुका झाकतं.

रोज पाऊण तास असेल तर तो असा वाटा: पाच मिनिटं सूर लावणं आणि बोटं सैल करणं, वीस मिनिटं टॅब आणि मेट्रोनोम, पंधरा मिनिटं रिफ रिपीटर, आणि उरलेली पाच सेशन मोडमध्ये, जिथे तुमच्या वाजवण्यामागे गेमचा बँड साथ धरतो. हा शेवटचा भाग गाळू नका. आयते सूर पकडण्याची सवय तिथेच मोडते, कारण कोणता सूर कधी वाजवायचा ते पडदा सांगत नाही.

एखादा भाग १०० टक्क्यांवर नीट वाजायला लागला की मास्टर मोड सुरू करा. त्यात सूर पडद्यावरून विरत जातात आणि आठवणीतून वाजवावं लागतं. जिथे अडलात ती मात्रा लक्षात ठेवून टॅबवर परत जा, आणि तेवढंच एक आवर्तन पुन्हा ६० वर घ्या. आठवड्यातून एकदा गेम पूर्ण बंद करून, नुसत्या मेट्रोनोमवर वाजवताना फोनवर रेकॉर्ड करा. तासाभराने हेडफोन लावून ऐका आणि जिथे ठोका व सूर वेगवेगळे ऐकू येतात त्या जागांवर टॅबमध्ये पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशीचा सराव त्या खुणांपासून सुरू होतो.