काठीच्या सावलीवरून खरी उत्तर दिशा: सहावी ते आठवीसाठी

डिसेंबर अखेरीस पुण्याच्या आसपासच्या मैदानावर हा प्रयोग छान जमतो. आकाश निरभ्र, सावली पुरेशी लांब. सरळ काठी अशी गाडा की 50 सेंटिमीटर वर राहील. ओळंबा दोन बाजूंनी धरून तपासा. काठी जराशी कललेली असली तरी उत्तर दिशा चुकते आणि पोरं दोष सूर्याला देतात. जमीन सपाट हवीच.

सकाळी 10:30 ला सावलीच्या टोकाशी खिळा ठोका. काठीच्या बुंध्यापासून तिथपर्यंत दोरी धरून (साधारण 63 सेंटिमीटर भरेल) खडूच्या भुकटीने वर्तुळ काढा. मग दर 15 मिनिटांनी टोकाची खूण. सावली आखडत जाईल, पुन्हा वाढेल. दुपारी 2:40 च्या सुमारास टोक वर्तुळाला पुन्हा टेकते; तिथे दुसरा खिळा ठोका. हा क्षण हुकला की सगळा दिवस वाया, म्हणून 2:20 पासून दोघांना तिथेच बसवा. दोन्ही खिळे जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिचा मध्यबिंदू आणि बुंधा जोडला की उत्तर-दक्षिण.

टोक धूसर दिसते, कारण सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. गडद भागाचा शेवट धरायचा असे आधीच ठरवा. खूण एकाच मुलाने करावी.

सर्वांत आखूड सावली 12 ला नाही, 12:35 च्या आसपास पडते. का, हे मुलांनाच काढू द्या: आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने चालते, पुणे 73.85 अंशावर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे.