बर्डीच्या टेकडीवर वाफेच्या तोफा: पटणारा स्टीमपंक युद्धखेळ कसा तयार करावा

स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणारं काल्पनिक जग, म्हटलं की पितळी चष्मे, दातेरी चक्रं आणि धूर सोडत आकाशातून चाललेली जहाजं डोळ्यांपुढे येतात. खेळाच्या खोक्यावर हे चित्र झकास दिसतं. खेळायला बसलं की मात्र बहुतेक वेळा आतून जुनाच खेळ निघतो. घोड्याच्या जागी यंत्र, तोफेच्या जागी आणखी मोठी तोफ, आणि त्या यंत्राला ना कोळसा लागत ना पाणी. कल्पनेतलं युद्ध खरं वाटायला हवं असेल, तर प्रत्येक चमत्काराची किंमत खेळाडूकडून वसूल करावी लागते. हा लेख त्या वसुलीबद्दलच आहे.

एक खरी लढाई घ्या, तिच्यात एकच गोष्ट बदला

सगळं जग शून्यातून उभं करायच्या भानगडीत पडू नका. नकाशे, राजघराणी, भाषा यांतच सहा महिने जातात आणि खेळ राहतो बाजूला. नागपूरकरांना तर लढाई शोधायला लांब जायला नको. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली. कंपनीकडे सुमारे १,५०० माणसं, त्यांत बहुतेक मद्रासी शिपाई. भोसल्यांकडे १८,००० च्या आसपास, त्यात कडवे भाडोत्री अरब आणि ३६ तोफा. २७ तारखेला सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली, तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली आणि कंपनीचा कारभार आटोपल्यात जमा झाला. तरी दुपारपर्यंत पारडं फिरलं.

आता बदल एवढाच करा: भोसल्यांकडे तोफा ओढणाऱ्या चार वाफेच्या गाड्या आहेत. बाकी सगळं जसंच्या तसं. इतिहास ठाऊक असल्याने तुमच्या बदलाने काय उलथापालथ होते ते तुम्हाला मोजता येतं. निव्वळ काल्पनिक लढाईत ती सोय नसते.

पूर्ण लढाई खेळवू नका. २७ च्या सकाळचे आठ ते बारा, एवढेच चार तास घ्या.

नकाशा आणि वेळ यांचा हिशेब एकदम मांडा

षटकोनी घरांचा नकाशा काढा. एक घर म्हणजे २०० मीटर, एक डाव म्हणजे १० मिनिटं. चार तासांचे २४ डाव होतात, एका रविवारच्या दुपारी संपतात. आडवी २० आणि उभी १५ घरं धरली की साधारण चार गुणिले तीन किलोमीटरचा मुलूख मावतो. दोन्ही टेकड्या, दक्षिणेकडची नाग नदी, शहराच्या बाजूचा शुक्रवारी तलाव आणि महालाकडचा रस्ता, सगळं त्यात येतं. घर तीन सेंटीमीटरचं ठेवून कोणत्याही फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या. कागदापेक्षा टिकतं आणि चहा सांडला तरी पुसता येतं.

चालीचे आकडे मनाने ठरवू नका, काढा. पायदळ ताशी चार किलोमीटर चालतं, म्हणजे दहा मिनिटांत ६६७ मीटर, म्हणजे तीन घरं. दुडक्या चालीचे घोडे ताशी बारा धरले तर दहा घरं. बैलांनी ओढलेली तोफ ताशी तीन, म्हणजे दोन घरं. वाफेच्या गाडीला चांगल्या रस्त्यावर ताशी आठ देऊ या, म्हणजे सहा घरं. रस्ता सोडून काळ्या मातीत शिरली की दोन. आणि अवकाळी पाऊस पडला असेल तर शून्य. पावसानंतरच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिलाय, तो या नियमावर वाद घालणार नाही.

पल्ल्याचंही तसंच. त्या काळच्या बंदुकीचा नेम १०० मीटरपलीकडे भरवशाचा नसे, म्हणून बंदूक शेजारच्या घरापुरतीच. हलक्या तोफेला चार घरं पुरेत.

वाफेला पाणी पाजा

इथे घाई करू नका. खेळाचा जीव इथेच आहे.

वाफेवर चालणाऱ्या यंत्राबद्दल लोकांना कोळसा आठवतो, पाणी आठवत नाही. प्रत्यक्षात एक किलो चांगला कोळसा जाळला की बॉयलरमध्ये साधारण सहा ते आठ लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे कोळशाच्या एका गाडीमागे पाण्याच्या अनेक गाड्या. मोहिमेवर निघालेला वाफेचा तोफखाना आधी पाण्यापाशी अडतो, शत्रूपाशी नंतर.

दुसरी अडचण वेळेची. हिवाळ्यात अंघोळीचा बंब पेटवून पाणी तापायची वाट पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. इंजिनाचा थंड बॉयलर कामाला यायला तर कित्येक तास लागतात. दहा मिनिटांच्या डावात याचा अर्थ सरळ आहे: लढाई चालू असताना विझलेली गाडी त्या दिवसापुरती बाद. म्हणून खेळाडूला विस्तव धरून ठेवावा लागेल, आणि उभ्या गाडीतही कोळसा जळत राहील.

हे टेबलावर असं मांडा. प्रत्येक गाडीला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या. त्यावर दोन खण: डावीकडे पाणी, उजवीकडे कोळसा. पाण्याच्या खणात सहा चिंचोके, कोळशाच्या खणात चार काळे मणी. चाललेल्या प्रत्येक डावाला एक चिंचोका उचला. तीन डाव झाले की, गाडी चालली असो वा उभी, एक मणी उचला. चिंचोके संपले आणि खेळाडूने तरी गाडी पुढे रेटली, तर दोन फासे टाका. नऊ किंवा जास्त पडले की बॉयलर फुटला, आणि शेजारच्या घरातली आपलीच माणसं भाजली. पाणी आणायला पखालींचे बैल ठेवा, डावाला दोन घरं चालणारे. तलावाचं पाणी चालेल. नदीकाठी बैलांनी आणि माणसांनी ढवळलेलं गढूळ पाणी भरलं तर त्या गाडीची चाल निम्मी, कारण गाळाच्या पाण्याने बॉयलर फेसाळतो आणि वाफेबरोबर पाणीच वर ढकलतो.

इतकं केलं की टेबलावरचं बोलणंच बदलतं. "किती तोफा उरल्या?" हा प्रश्न मागे पडतो आणि कोणीतरी ओरडतं, "काहून बे, पखाल कुठं अडकली?" शत्रूचा शहाणा खेळाडू मग गाड्यांवर गोळे वाया घालवत नाही. तो चार घोडेस्वार बैलांवर सोडतो.

हे फार कडक वाटत असेल तर कुन्योची गाडी आठवा. १७६९-७० च्या सुमारास या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने तोफा ओढायला खरोखरच वाफेची तीनचाकी गाडी बनवली होती. ती जेमतेम माणसाच्या चालीने जाई आणि थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा वाफ धरावी लागे. सैन्याने तिचा नाद सोडला. तुमच्या चार गाड्या तिच्यापेक्षा बऱ्याच बऱ्या आहेत. इंजिन अगदी जवळून पाहायचं असेल तर नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात एक चक्कर मारा.

धूर विसरू नका. पेटलेली गाडी टेकडीवरून दिसतेच, झाडीआड लपली तरी.

जादू एकच ठेवा

नागाच्या नावाच्या नदीकाठी खेळ आहे, तर नागमणी घ्या: कोळशाशिवाय बॉयलर तापवणारा. तो पाण्याची गरज भागवत नाही, फक्त काळ्या मण्यांची कटकट संपवतो. चार डाव वापरला की दोन डाव थंड. जादूने निसर्गाचा एकच नियम मोडावा, बाकीचे तिच्यावरही लागू असावेत.

मग स्वतःलाच विचारा, की असा मणी असताना राज्यात बैल कशाला उरले? उत्तर सापडलं नाही तर मणी रद्द. माझं उत्तर असं: मणी एकच आहे, तो खजिन्यात असतो, आणि तो बाहेर काढायला राजाचा हुकूम लागतो. राजाचं मात्र ठरत नाही.

फासे दोन

एक फासा सगळे आकडे सारखेच देतो, त्यामुळे लढाई लॉटरीसारखी होते. दोन फाशांत सात छत्तीसपैकी सहा वेळा येतो, बारा फक्त एकदा. नेहमीचं नेहमी घडतं आणि नवल क्वचित. उघड्यावरच्या तुकडीला मारायला आठ किंवा जास्त लागतील असं ठरवा. ही शक्यता छत्तीसपैकी पंधरा. तीच तुकडी भिंतीआड असेल तर दहा किंवा जास्त, आणि शक्यता थेट सहावर येते. म्हणून नियमांत एकदोन गुणांची खिरापत वाटताना हात आखडता ठेवा.

मार बसलेली तुकडी लगेच उचलू नका. तिचा धीर कमी करा. फौजा सहसा मरून संपत नाहीत, पळून संपतात.

हुकूम पोहोचायला वेळ लागू द्या

एका सोंगटीला १५० माणसं धरली तर कंपनीच्या दहा सोंगट्या होतात आणि भोसल्यांच्या १२०. सगळ्या खेळाडूच्या हाती दिल्या तर खेळ तीन डावांत आटोपेल, आणि तो इतिहासाला धरूनही होणार नाही, कारण ती सगळी फौज एकदिलाने कधी तुटून पडलीच नाही. म्हणून भोसल्यांच्या खेळाडूला हुकमातल्या ४० सोंगट्या द्या. बाकीच्या शहराकडे उभ्या राहतील. दर डावाला फासे टाकून दहा किंवा जास्त पडले तर त्यांतल्या पाच हलतील.

दोघांच्या मध्ये एक पंच बसवा. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने आपला युद्धखेळ तिथल्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला, तोही पंचाच्याच आधारावर होता: हुकूम लिहून द्यायचा, आणि शत्रूचं जेवढं दिसेल तेवढंच पंच दाखवणार. तुम्हीही चिठ्ठ्या वापरा. सेनापतीपासून पाच घरांपलीकडच्या तुकडीला हुकूम एक डाव उशिरा पोहोचेल.

कधीकधी हाताखालचा माणूस हुकमाची वाटच पाहत नाही. त्या सकाळी कॅप्टन फिट्झगेराल्डने कंपनीच्या बंगाल घोडदळाचा हल्ला स्वतःच्या जबाबदारीवर केला, तोफा घेतल्या आणि लढाई फिरवली. यासाठी प्रत्येक बाजूला एक "आगाऊ सरदार" पत्ता द्या. तो एकदाच वापरता येईल, आणि वापरायचा की नाही हे खेळाडू ठरवणार नाही, फासे ठरवतील. खेळाडू चिडतात. चिडू द्या.

आधी वाफेशिवाय खेळा

पहिले दोनतीन खेळ गाड्या आणि मणी बाजूला ठेवून करा. बारा वाजेपर्यंत मोठी टेकडी हातात राहिली तर कंपनी जिंकली, एवढीच अट. दोन्ही निकाल अधूनमधून येत असतील तर पाया ठीक आहे. जमलं तर नियम पक्के करण्याआधी टेकडीवरच्या सीताबर्डी किल्ल्यावर जाऊन या. तो लष्कराच्या ताब्यात असतो आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो. वरून खाली पाहिलं की लहान टेकडी हातची गेल्यावर मोठीवरच्यांचं काय झालं असेल ते नकाशापेक्षा लवकर कळतं.

मग गाड्या आणा. खेळायला असा मित्र बोलवा जो नियमांतली फट शोधण्यात पटाईत आहे, आणि त्याला मुद्दाम वाफेची बाजू द्या. प्रत्येक खेळानंतर कुठल्या डावाला कोणती गाडी का थांबली ते वहीत टिपा. वाफ सारखीच जिंकत असेल तर तोफांची ताकद कमी करायला जाऊ नका, तक्ते सगळे नव्याने लिहावे लागतील. पाण्याच्या खणातला एक चिंचोका काढा आणि परत खेळून पाहा.