बोटीवरच्या पोरांसाठी ॲप करताय? आधी मोरीत जा

जुना फोन घ्या, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि आपलंच ॲप चालवून बघा. (नवा घेऊ नका. आमच्या घरात तो विषय अजून मिटलेला नाही.) पाण्याचा थेंब टचस्क्रीनला बोटासारखाच वाटतो, हे मला पुरात कळलं.

२०२१ च्या जुलैत कोल्हापूरच्या पुरात अडकलेल्यांना बोटीनं बाहेर काढणाऱ्या पोरांसाठी आमचं ॲप होतं. त्यात 'बाहेर काढलं' हे बटण एका टचचं होतं. सुतारवाड्याजवळ बोटीत पावसानंच ते दाबलं आणि एका आजींचं घर यादीतून गायब झालं. शेजाऱ्यांचा फोन आला म्हणून बोट परत फिरली.

घाबरून मी सगळीकडं 'खात्री आहे का?' टाकलं. दोन तासांत पोरं न वाचताच 'होय' दाबायला लागली.

तेव्हापासून प्रत्येक बटणाला एकच प्रश्न विचारतो: हे चुकून दाबलं तर काय जातं? 'मदत हवी' चुकून गेलं तर एक फोन वाया. ते एका टचवर ठेवा, वर काही विचारू नका. 'बाहेर काढलं' चुकलं तर माणूस मागं राहतो. तिथं वेळ लागू दे. दाबून धरायला लावलं, तर थेंबही तिथं बसून राहू शकतो. म्हणून स्क्रीनभर डावीकडून उजवीकडं सरकवायला लावलं. थेंब ओघळतो तो खाली. आणि नाव लगेच पुसायचं नाही, फिकट करून 'परत घ्या'सकट ठेवायचं.

पाण्याची पातळी दाखवताना दशांश टाळा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची '४१.६' म्हणजे ४१ फूट ६ इंच, की साडेएक्केचाळीसच्या थोडं वर? कंट्रोल रूमला 'फूट' आणि 'इंच' वेगळे लिहून द्या. बोटीवर आकडाच नको: ३९ फुटांना इशारा म्हणून पिवळी पट्टी, ४३ ला धोका म्हणून लाल, आणि पट्टीवर तो शब्द ठळक.

पत्त्याला जीपीएस घ्याच, पण त्याच्या जोडीला बोलून सांगायची सोय हवी. 'जामदार क्लबच्या मागं, निळा जिना' हे नकाशाला कळत नाही, पोरांना कळतं.

बटण निदान एवढं मोठं हवं म्हणून अँड्रॉइड सांगतं ते ४८ डीपीचं (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं मापाचं एकक) माप कोरड्या, उघड्या बोटाचं. हातमोज्यांसाठी आम्ही दुप्पट केलं, तर पानावर चारच बटणं मावली. फोटोचं मागच्या पानावर गेलं. कंट्रोल रूमवाले ते पुढं आणा म्हणून अजून मागं लागलेत. आणतो की, चारातलं कुठलं काढू तेवढं सांगा.