शाळेने मुलाला नाकारले? दाद मागताना या चुका टाळा

"तुमच्या मुलाला आमच्याकडे न्याय मिळणार नाही." दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारताना किंवा शिकत असलेल्या मुलाला विशेष शाळेत धाडताना मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये असेच काहीतरी सौम्य बोलले जाते. पालक ते ऐकून परत येतात, महिना-दोन महिने दुसऱ्या शाळा पालथ्या घालतात आणि मग तक्रार करायचे ठरवतात. तोवर हातात एकही कागद नसतो आणि शाळा बिनधास्त सांगते, "आम्ही नकार दिलाच नव्हता." अशा प्रकरणांत कायदा बहुतेक वेळा मुलाच्या बाजूने असतो. प्रकरण अडते ते कागदावर.

आधी पायाखालची जमीन पाहून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ सांगते की शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि पालकांची, शाळेची नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयासाठी आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घ्यायला तो मनाई करतो आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही.

विशेष शाळा म्हणजे पराभव, असेही नाही. सांकेतिक भाषेत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाला ती भाषा बोलणारे सवंगडी आणि शिक्षक लागतात आणि ते अनेकदा विशेष शाळेतच भेटतात. म्हणून अर्ज करण्याआधी दोन्ही शाळा भरलेल्या वेळेत, वर्ग चालू असताना पाहून या. पाहून झाल्यावर विशेष शाळा हवी असेल तर ती हक्काने मागा. नको असेल, तर पुढच्या चुका टाळा.

तोंडी नकार ऐकून माघारी फिरणे

प्रवेश अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. कार्यालय अर्ज घेतच नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. बोलणे फक्त तोंडी झाले असेल तर संध्याकाळच्या आत एवढे लिहा:

"आज इयत्ता दुसरीच्या प्रवेशासाठी मी आपणास भेटलो. मुलाला ऑटिझम आहे आणि शाळेत विशेष शिक्षक नाहीत, म्हणून प्रवेश देता येणार नाही, असे आपण सांगितले. हा शाळेचा निर्णय असल्यास कारणांसह लेखी कळवावा. सात दिवसांत उत्तर न आल्यास वरील नोंद आपणास मान्य आहे असे धरून मी पुढील कार्यवाही करेन."

या पत्राला शाळेने उत्तर दिले तर नकाराचे कारण तिच्याच लेटरहेडवर मिळते. "तसे म्हणालोच नव्हतो, फॉर्म भरा" असे कळवले तर प्रवेशाचे दार उघडते. गप्प बसली तर तुमची नोंद तशीच उभी राहते.

"जागा भरल्या" हे उत्तर आले तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक लेखी मागा. शंका असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: त्या इयत्तेच्या तुकड्या किती, मंजूर पट किती, प्रवेश किती. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणे त्यात घालू नका.

स्वतःच्या हाताने दाखला मागणे

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. शिकत असलेल्या मुलाला घालवायचे असते तेव्हा शाळा काढून टाकल्याचे पत्र देत नाही. ती म्हणते, "एलसीसाठी (शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी) अर्ज द्या, बाकी आम्ही बघतो." पालक दमलेले असतात, अर्ज लिहून देतात. मग दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे उमटते. त्या दोन शब्दांनंतर कागदोपत्री मुलाला कुणी काढलेलेच नसते, मग दाद कशाविरुद्ध मागणार?

अर्ज देऊच नका. काही कारणाने शाळा बदलणे अटळच झाले, तर अर्जात स्पष्ट लिहा: "शाळेने अमुक तारखेला सांगितल्यामुळे नाइलाजाने आणि दाद मागण्याचा हक्क राखून हा अर्ज करीत आहे." पोहोच घ्या. दाखला हातात पडल्यावर कारणाचा रकाना तिथेच वाचा आणि चुकीचा असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.

हमीपत्राचेही तसेच. "वर्गात त्रास झाल्यास पाल्यास काढून नेऊ" किंवा "मदतनीस शिक्षकाचा संपूर्ण खर्च आम्ही करू" असली वाक्ये प्रवेश फॉर्मच्या शेवटच्या पानावर असतात. मुलाला व्यक्तिगत आधार देण्याची जबाबदारी कायद्याने शाळेवर टाकली आहे. ते वाक्य खोडा, बाजूला सही-तारीख करा आणि मगच फॉर्म द्या.

निकालाची वाट पाहत मुलाला घरी ठेवणे

"थोडा शांत झाला की पाठवा", "सध्या दोनच तास आणा", असे सांगून मुलाचे येणे हळूहळू कमी केले जाते. हजेरीपटावर मात्र गैरहजेरी लागत राहते आणि सुनावणीत शाळा तोच पट पुढे करते: मूल अनियमित आहे. म्हणून नाव पटावर असेपर्यंत मुलाला पूर्ण वेळ पाठवा. फाटकावरून परत पाठवले किंवा अकरा वाजताच न्यायला बोलावले, तर त्याच दिवशी शाळेच्या ईमेलवर दोन ओळी टाका: वेळ, कुणी सांगितले, कारण काय सांगितले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेले इथे कामाला येत नाही. मुलाला मारहाण होत असेल किंवा ते भेदरलेले असेल, तर अर्थातच घरी ठेवा. पण डॉक्टरांचे पत्र जोडून गैरहजेरीचे कारण लेखी कळवा.

प्रमाणपत्र जोडले, गरज सांगितलीच नाही

यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते. शाळेने नेमके काय करायचे, हे त्यावर कुठेच नसते. अधिकारी हाच प्रश्न विचारतात आणि पालक निरुत्तर होतात.

मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक यांच्याकडून वर्गात वापरता येईल असा अहवाल मागा. "मुलाकडे विशेष लक्ष द्यावे" या वाक्याचा काही उपयोग नाही. हवे ते असे: जागा पुढच्या दोन रांगांत, दार-खिडकीपासून लांब, सूचना एका वेळी एकच, तोंडी आणि चित्रासह, तासाच्या मध्यावर पाच मिनिटे उठायची मुभा, लांब उत्तरे लिहिण्याऐवजी तोंडी, मधल्या सुट्टीत एक मोठी व्यक्ती जवळ. अशी यादी समोर असली की "हे मूल आमच्याकडे बसत नाही" या बोलण्याला टेकू राहत नाही. यातली कोणती सोय अशक्य आहे, ते शाळेला सांगावे लागते.

अहवाल जोडण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. "विशेष शाळेची शिफारस" अशी एक ओळ त्यात असेल तर शाळा फक्त तीच वाचून दाखवेल. मुलाला वर्गात पाहून ती लिहिली आहे की क्लिनिकमधल्या एका भेटीवरून, हे तज्ज्ञांना विचारा. गरज वाटल्यास दुसरे मत घ्या. पाने मात्र लपवू नका.

"४० टक्के नाही, म्हणजे हक्क नाही" हा समजही काढून टाका. कलम ३१ साठी ४० टक्के लागतात. कलम ३ चा भेदभावाविरुद्धचा हक्क आणि कलम १६ यांना ती अट नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, लेखनिकाची सोय ४० टक्क्यांखाली नाकारता येत नाही, असे म्हटले. टक्केवारीच चुकीची वाटत असेल तर त्यासाठी कलम ५९ चे वेगळे अपील आहे. ते भांडण शाळेच्या तक्रारीत मिसळू नका.

एकच अर्ज दहा ठिकाणी

मंत्रालयापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांना प्रती पाठवल्या की प्रत्येक कार्यालय तो कागद खाली ढकलते आणि शेवटी सगळे गठ्ठे एकाच टेबलावर येतात. शिक्षण हक्क कायद्याचा मार्ग कलम ३२ मध्ये आहे: लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर अपील महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

दुसरा मार्ग पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांचा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते, नाकारली तर कारणेही द्यायची असतात. दोन्हीकडे जायचे असेल तर प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा उल्लेख करा, नाहीतर माहिती दडवल्याचा आरोप येतो.

शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर फक्त शिक्षण हक्क कायद्यावर विसंबू नका. तो अशा शाळांना लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय आहे. तिथे, आणि चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठीही, २०१६ च्या कायद्याचे कलम १६ पुढे करा. वर्षच वाया जायची वेळ आली तर उच्च न्यायालय आहे. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका: दिव्यांग व्यक्ती, महिला आणि बालके यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

"योग्य ती कारवाई करावी"

अर्जाचा शेवट या वाक्याने केला की कार्यालय तो अर्ज शाळेकडे "योग्य त्या कारवाईसाठी" पाठवते आणि फाइल बंद होते. मागण्या क्रमांक घालून लिहा: अमुक इयत्तेत अमुक तारखेपर्यंत प्रवेश, निर्णय होईपर्यंत मूल सध्याच्या वर्गात राहील असा अंतरिम आदेश, अहवालातल्या सोयी, त्यांची जबाबदारी कुणाकडे हे लेखी. अर्ज दोन पानांत बसवा. एखाद्या शिक्षिकेच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती स्वतंत्र द्या.

शाळा "आम्हाला परवडत नाही" म्हणणार, हे धरून चाला. कायद्यात अवाजवी भार ही मर्यादा आहे खरी, पण भार आहे एवढे म्हणून भागत नाही, तो दाखवावा लागतो. लिफ्ट नसेल तर वर्ग तळमजल्यावर हलवायला खर्च येत नाही, हे तुम्हीच अर्जात लिहा. विशेष शिक्षकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असे प्रमाण दिले आहे.

सुनावणीत तोंडी आश्वासनावर समाधान

कागदांचे तीन संच, पानांना क्रमांक आणि वर एक पानी तारीखवार यादी घेऊन जा. बोलावल्याशिवाय मुलाला नेऊ नका; तास-दीड तास व्हरांड्यात ताटकळलेल्या मुलाचे दोन मिनिटांचे रडणेच मग सगळ्यांच्या लक्षात राहते.

बऱ्याचदा शाळा ऐनवेळी म्हणते, "ठीक आहे, घेतो." तिथे आभार मानून उठू नका. इयत्ता, तुकडी, रुजू होण्याची तारीख, पूर्ण वेळ, मान्य केलेल्या सोयी आणि अंमलबजावणीचा अहवाल कधी द्यायचा, हे सगळे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. पुढे मुलाला मागच्या बाकावर एकटे बसवले किंवा पुन्हा अकराला घरी धाडले, तर नवी तक्रार सुरू करू नका. त्याच फाइलचा संदर्भ क्रमांक टाकून पालन होत नसल्याचे पत्र त्याच अधिकाऱ्यांना द्या, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम ८९ चा उल्लेख करा: पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला किमान ५० हजार.