मॉरिशसचा परवाना आणि कोतवाल बुकातला ‘मुलगा’

मुलगी मॉरिशसला. निवृत्तीनंतर दारव्ह्याचं घर बंद करून तिकडंच जायचं ठरलं. तिथं पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांना राहण्याचा परवाना मिळतो. पेन्शन होती, पासपोर्ट होता. अडलं जन्माच्या दाखल्यावर.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढली. बाबू म्हणाला, “गुरुजी, इथं तं नावच नाही जी!” खरंच. वडिलांचं नाव, गाव, तारीख आणि पुढं नुसतं ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आधीच कोतवालानं नोंद केलेली, त्याचं तरी काय चुकलं? नशीब, तारीख पासपोर्टशी जुळली. नाहीतर आमच्या पिढीतले अर्धे लोक शाळेच्या कृपेनं १ जुलैलाच जन्मले आहेत.

मग शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि ती नक्कल जोडून जन्म-मृत्यू निबंधकाकडं नाव नोंदवायचा अर्ज केला. चार चकरा झाल्या. नावासकट मराठी-इंग्रजी दाखला हाती आला आणि मी हौसेनं तो लॅमिनेट केला! एजंटानं डोक्याला हात लावला. अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार देतं त्या प्रमाणनाचा स्टिकर मूळ कागदावरच लागतो, म्हणून पुन्हा नवी प्रत काढली.

आधी राज्य शासनाचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. एकमेकांचं अपॉस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, मॉरिशसही आहे. त्यामुळं वकिलातीची वेगळी वारी वाचली.

आता कागद पूर्ण आहेत. बायको तेवढी विचारते, तिथं तुरीची डाळ मिळते का?