चालली ती मेथड कुठली? इनहेरिटन्समधील या चुका टाळा

अपेक्षित मेथडऐवजी भलतीच मेथड चालली, की बहुतेक जण कॉलची ओळ ज्या क्लासमध्ये आहे त्याच क्लासमध्ये चूक शोधत बसतात. वास्तविक नेहमीच्या इन्स्टन्स मेथडचा शोध ऑब्जेक्ट प्रत्यक्षात ज्या क्लासचा आहे तिथून सुरू होतो आणि तिथे ती न सापडल्यास वरच्या क्लासकडे, म्हणजे ज्यापासून तो क्लास बनवला त्या पालक क्लासकडे, सरकतो. यालाच इनहेरिटन्स म्हणजे वारसा म्हणतात.

जावामध्ये याचा फटका कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, बसतो. समजा, ‘खाते’ या मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून ‘तपशील’ ही मेथड बोलावली आहे आणि त्यापासून बनलेल्या ‘बचतखाते’ या क्लासने ती ओव्हरराइड केली, म्हणजे त्याच नावाने आपल्यापुरती नव्याने लिहिली आहे. बचतखात्याचा ऑब्जेक्ट तयार होताना आधी खात्याचा कन्स्ट्रक्टर चालतो. मेथड मात्र बचतखात्याची निवडली जाते, आणि तोवर बचतखात्याच्या फील्डना त्यांची प्रारंभिक मूल्ये मिळालेली नसल्यामुळे तिच्या हाती साधारणतः नल किंवा शून्य येते. सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी मूळ क्लासचीच मेथड चालते, म्हणून तिथून आलेला प्रोग्रामर इथे हमखास फसतो. कन्स्ट्रक्टरमधून बोलावायची मेथड प्रायव्हेट किंवा फायनल ठेवावी, म्हणजे ती ओव्हरराइड होऊ शकत नाही.

दुसरी चूक ओव्हरलोडला, म्हणजे नाव तेच पण पॅरामीटर वेगळे अशा मेथडला, ओव्हरराइड समजण्याची. दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे सांगणारी ‘इक्वल्स’ लिहिताना पॅरामीटरचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ऐवजी ‘खाते’ असा दिला, तर ती वेगळीच मेथड ठरते आणि अ‍ॅरेलिस्ट या यादीत एखादी गोष्ट आहे का हे तपासणारे ‘कंटेन्स’ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जावा 5 मध्ये, म्हणजे 2004 साली, आलेले ओव्हरराइड अ‍ॅनोटेशन, म्हणजे मेथडवर लिहायची खूण, लावले असते, तर कंपायलरनेच ही चूक पकडली असती. ते न लावण्याला मला तरी काही सबब दिसत नाही. फील्ड आणि स्टॅटिक मेथड तर ओव्हरराइड होतच नाहीत, त्या केवळ झाकल्या जातात.

पायथॉनमधील ‘सुपर’ म्हणजे पालक क्लास, हा समज त्याहून चिवट आहे. ‘अ’पासून ‘ब’ आणि ‘क’, आणि त्या दोघांपासून त्याच क्रमाने ‘ड’ बनवला, तर शोधाचा क्रम ड, ब, क, अ आणि शेवटी ऑब्जेक्ट असा लागतो. त्यामुळे ‘ड’च्या ऑब्जेक्टवर काम करताना ‘ब’मधील सुपर ‘क’कडे जातो, जरी ‘ब’ लिहिणाऱ्याला ‘क’ अस्तित्वात असल्याची कल्पनाही नसली. त्याने सुपरऐवजी ‘अ’चे नाव थेट लिहिले, तर ‘क’चा कन्स्ट्रक्टर निमूट वगळला जातो, कोणतीही एरर येत नाही आणि ‘क’ने भरायची माहिती रिकामी असल्याचे भलत्याच ठिकाणी कळते. हा क्रम 2003 सालच्या पायथॉन 2.3 पासून सी-थ्री या पद्धतीने ठरतो. शंका आल्यास तर्क लढवण्याऐवजी क्लासची ‘एमआरओ’ (मेथड शोधण्याचा क्रम) ही मेथड बोलावून तो छापून पाहावा.

पायथॉनमध्ये एवढे करूनही कोडे सुटले नाही, तर ऑब्जेक्टवरच त्या नावाचे काही ठेवले गेले आहे का, हे तपासावे, कारण साधी मेथड त्याने झाकली जाते. लांबी सांगणाऱ्या ‘लेन’सारखी अंगभूत फंक्शने मात्र ऑब्जेक्टवर ठेवलेले वगळून थेट क्लासमध्येच शोध घेतात.