कोटेड की प्लेटेड? स्पर्धेची काडतुसं भरताना या चुका टाळा

अमेरिकेत पिस्तुलाच्या स्पर्धांची गोडी लागलेला माणूस आज ना उद्या स्वतःची काडतुसं स्वतः भरायला लागतो. शनिवार-रविवारी सामने आणि मधल्या दिवसांत सराव म्हटला, की दुकानातल्या तयार डब्यांचा खर्च झेपत नाही. गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं यंत्र, म्हणजे प्रेस बसतो आणि पहिला वाद सुरू होतो तो बुलेटवरून, म्हणजे पितळी केसच्या तोंडात बसवलेल्या, नळीतून सुटणाऱ्या गोळीवरून. कोणी सांगतं, कोटेड घेऊ नका, नळीत शिसं साचतं. कोणी म्हणतं, प्लेटेडचा नेमच लागत नाही. माझं मत असं, की या दोन्ही तक्रारींमध्ये बहुतेक वेळा बुलेटचा दोष नसतो, डाय (प्रेसमधला काडतुसाला आकार देणारा साचा) चुकीचा बसवलेला असतो. दर दोन महिन्यांनी ब्रँड बदलणाऱ्यांनी आधी कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घ्यावा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पुढचं सगळं अमेरिकेसारख्या, घरी भरायला कायद्याने मुभा असलेल्या ठिकाणचं आहे.

प्लेटेड बुलेट म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर विद्युत प्रक्रियेने चढवलेला तांब्याचा पातळ मुलामा. तळासकट सगळी बुलेट झाकलेली असते. कोटेड म्हणजे शिशाच्या मिश्रधातूची ओतीव बुलेट, तिच्यावर पॉलिमरचे थर देऊन भट्टीत भाजलेले. ऑस्ट्रेलियातून आलेलं हाय-टेक हे त्यातलं सर्वांत परिचित कोटिंग. निळ्या, लाल, हिरव्या बुलेट दिसतात त्या याच. कारखान्याच्या काडतुसात बहुतेक वेळा असते ती जॅकेटेड बुलेट वेगळी. तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं वेगळं घडवलेलं जाड कवच असतं.

प्लेटेडला जॅकेटेड समजू नका

रंग तोच, चकाकी तीच, म्हणून जॅकेटेडसाठीच्या पावडरच्या मापांच्या तक्त्यातला सर्वांत वरचा आकडा घेऊन पावडर भरणारे लोक आहेत. बेरीज (Berry's) या बुलेट कंपनीसारखे उत्पादक आपल्या साध्या प्लेटेड बुलेटसाठी सेकंदाला १,२५० फुटांच्या आसपासची मर्यादा देतात. ती ओलांडली तर पातळ मुलामा आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) धरू शकत नाही, फाटतो.

आता स्पर्धेचं गणित बघा. बुलेटचं वजन ग्रेन या छोट्या एककात, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १,०००. आला तो पॉवर फॅक्टर. यूएसपीएसए या अमेरिकी स्पर्धा-संघटनेत मायनर या खालच्या गटासाठी १२५ लागतो आणि मेजर या वरच्या गटासाठी १६५. ९ एमएमची १४७ ग्रेनची बुलेट ८८० फुटांनी गेली की १२९ भरतात. म्हणजे प्रॉडक्शन किंवा कॅरी ऑप्टिक्स हे मायनरचे विभाग खेळणारा प्लेटेडच्या मर्यादेजवळ फिरकतही नाही. पण ओपन विभागात ९ एमएम मेजर खेळायचं तर १२४ ग्रेनच्या बुलेटला १,३३१ फूट हा अगदी किमान वेग झाला, आणि किमानावर कोणी खेळत नाही. तिथे साधी प्लेटेड चालणार नाही. कोटेडही मी सुचवणार नाही, कारण कॉम्पेन्सेटरच्या (नळीच्या टोकाला बसवलेल्या, धक्का कमी करणाऱ्या जोडाच्या) खाचांमध्ये शिसं आणि काजळी साचत जाते. ओपनसाठी जॅकेटेडच घ्या, तिथले पैसे वाचवू नका.

क्रिम्प आवळू नका

क्रिम्प म्हणजे बुलेट बसवल्यावर केसचं तोंड आत दाबणं. सगळ्यात जास्त बुलेट इथेच खराब होतात. ‘क्रिम्प घट्ट, तर बुलेट घट्ट’ हा गैरसमज मुळापासून काढा. ९ एमएममध्ये बुलेट धरून ठेवतो तो केसच्या भिंतीचा ताण. टेपर क्रिम्पचं काम एवढंच, की बुलेट बसवण्यासाठी केसचं तोंड थोडं उघडलं होतं ते पुन्हा सरळ करायचं.

हिशोब सोपा आहे. बुलेटचा व्यास ०.३५६ इंच. केसची भिंत तोंडाशी साधारण ०.०११ इंच जाड, दोन्ही बाजू धरून ०.०२२. बेरीज ०.३७८. कॅलिपरने तोंडाशी मोजून ०.३७८ ते ०.३७९ आलं तर थांबा. ०.३७४ किंवा ०.३७५ येत असेल तर केसची कड बुलेटमध्ये रुतली आहे.

खात्री करायची तर एक नमुना प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) आणि पावडरशिवाय बनवा आणि हातोड्यासारख्या पुलरने बुलेट बाहेर काढा. उजेडात फिरवून बघा. कोटेडवर पुसटशी रेघ दिसली तर हरकत नाही. राखाडी शिसं डोकावत असेल, तर तिथूनच नळीत शिसं लागायला सुरुवात होणार. प्लेटेडवर नखाला अडकेल अशी खाच असेल, तर मुलामा कापला गेला. अशी बुलेट नळीतून सुटल्यावर डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखी फाटलेली खूण उमटते. मग लोक प्लेटेडला नावं ठेवतात! हीच तपासणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसवर करा, कारण भिंतीची जाडी सगळ्यांची सारखी नसते. गोळा करून आणलेलं मिश्र पितळ वापरणाऱ्यांनी तर नक्कीच.

केसचं तोंड पुरेसं उघडा

जॅकेटेडसाठी लावलेल्या सेटिंगवर कोटेड बुलेट बसवली, की केसच्या कडेवर रंगीत सालपट गोळा होतं. सीटिंग डायच्या आत बोट फिरवलं तर तोच रंग हाताला लागतो. थर सोलला जातोय याची ही उघड खूण. तोंड इतकं उघडा, की बुलेट बोटाने ठेवल्यावर सरळ उभी राहील, कलणार नाही. लायमनचा एम-डाय किंवा त्याच धर्तीचा पायरीदार एक्स्पांडर (केसचं तोंड उघडणारा डाय) असेल तर बुलेटला बसायला छोटीशी बैठक मिळते आणि फार फाकवावं लागत नाही. कोटेड वापरणाऱ्याने पहिला खर्च यावर करावा.

बुलेट बारीक करून घेऊ नका

९ एमएमची जॅकेटेड बुलेट ०.३५५ इंचाची असते, कोटेड सहसा ०.३५६. हा हजारांश इंच मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, नळी नीट बंद व्हावी म्हणून. कार्बाइड रिंग असलेला फॅक्टरी क्रिम्प डाय शेवटच्या टप्प्यावर भरलेलं काडतूस पुन्हा दाबतो. काही केसमध्ये तो आतली मऊ शिशाची बुलेटही दाबून बारीक करतो. शिसं स्प्रिंगसारखं परत फुलत नाही. बारीक बुलेटच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवतो, आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढेच आट्यांमध्ये करडे पट्टे दिसायला लागतात. पुलरने काढलेल्या बुलेटचा व्यास मोजा. ०.३५५ च्या खाली असेल तर दोषी सापडला.

जुनं माप नव्या बुलेटला लावू नका

वजन तेच म्हणून पावडरही तीच, हे धोक्याचं आहे. कोटेड बुलेट नळीतून सहज सरकते, त्यामुळे तेवढ्याच पावडरवर तिचा वेग प्लेटेडपेक्षा बहुधा वेगळा येतो. नाकाचा आकार बदलला की काडतुसाची लांबीही बदलावी लागते. सीझेड कंपनीच्या पिस्तुलांच्या नळ्यांमध्ये चेंबरपुढची मोकळी जागा कमी असते. दुसऱ्या पिस्तुलात बिनबोभाट चालणारं काडतूस तिथे आट्यांना टेकतं आणि स्लाइड पूर्ण बंद होत नाही. नळी काढून घ्या, काडतूस आत सोडा. ते टक्‌ करून तळाशी बसलं पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. नसेल पडत तर बुलेट थोडी खोल बसवा. पण बुलेट खोल गेली की आतली जागा कमी होते आणि ९ एमएमच्या एवढ्याशा केसमध्ये दाब भराभर चढतो. म्हणून पावडर पुन्हा तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून वाढवत न्यायची, आणि प्रत्येक पायरीवर क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावायचा. मोठ्या सामन्यात तुमची काडतुसं काढून घेऊन वेग मोजतात. पॉवर फॅक्टर १२५ च्या खाली भरला तर गुण मिळतच नाहीत.

राहिला धूर. जास्त गरम जळणाऱ्या पावडरवर कोटेड बुलेट धूर आणि वास जास्त देते. बंदिस्त रेंजवर खेळणाऱ्यांनी पावडर बदलून बघावी, नाहीतर प्लेटेड घ्यावी. बाहेरच्या रेंजवर मायनर खेळणाऱ्याला मी डोळे झाकून कोटेड सांगेन. स्वस्त पडते, आणि डाय एकदा नीट बसला की अचूकतेत मला ती प्लेटेडपेक्षा सरस वाटते.

नळीत शिसं बसलंच असेल, तर ‘दोन-चार जॅकेटेड झाडली की निघून जाईल’ या सल्ल्यावर जाऊ नका. अरुंद झालेल्या नळीत त्याने दाब वाढतो. भांडी घासायची शुद्ध तांब्याची घासणी जुन्या ब्रशला गुंडाळून फिरवा, पट्टे सुटतात. घासणी आणली की आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर आत पोलाद आहे, ती नळीत घालायची नाही.